नाईक म्हणजे नुसता 'कॉर्पोरल' नव्हे

महोदय,

सप्रेम नमस्कार. माझ्या लेखात सैन्यातल्या नाईकाचे नको तितके कौतुक झाले आहे, हा हुद्दा म्हणजे इंग्रजांच्या सैन्यातील कॉर्पोरल या हुद्द्याला दिलेले देशी नाव आहे आणि तो निरुपयोगी ठरल्यामुळेच महाराष्ट्र पोलीस दलाने २०२२ मध्ये 'पोलीस नाईक' ही पायरी रद्द केली, असे आपण लिहिले आहे. लेखातील एक चूक आपण नेमकी दाखवलीत. आज पायदळातील दहा जणांच्या सेक्शनचे नेतृत्व सर्वसाधारणपणे हवालदाराकडे असते आणि नाईक त्याचा दुय्यम असतो. सेक्शनचे नेतृत्व नाईक करतो, असे मी जुन्या रचनेवरून लिहून गेलो होतो, ते वाक्य आता दुरुस्त केले आहे. बाकीचे मात्र मला पटत नाही.

शिवकाळातील पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक आणि अशा काही नाईकांवर एक हवालदार असे, हे सभासदाच्या बखरीवरून कळते. त्यामुळे १७६८ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने शिपायांची जी पलटण उभी केली, जी आज मराठा लाइट इन्फंट्रीची 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते, तिच्यात भरती झालेल्या मराठी माणसाला नाईक म्हणजे कोण हे समजावून सांगावे लागले नसणार. कवायत, बंदूक आणि दंडावरच्या दोन फिती इंग्रजांच्या. नाव आणि त्यामागची जबाबदारी इथलीच. उसने असेल तर ते 'लान्स नाईक' या हुद्द्यातले 'लान्स' हे उपपद.

नाईकाच्या अधिकाराबद्दल म्हणाल, तर १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात काय घडले ते पाहा. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळेच ठार किंवा जखमी झाले. मागे कोणी उरलेले नाही हे ठाऊक असूनही ते एकटे धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, आणि टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्यावर तिची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्या क्षणी त्यांना हुकूम देणारा वरिष्ठ शेजारी नव्हता.

पोलिसांतील पायरी रद्द झाली ती शिपायाला निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षकपदापर्यंत पोहोचता यावे म्हणून. त्यावरून सैन्यातल्या नाईकाचे मोल ठरवता येणार नाही.

आमच्या काळाचौकीच्या चाळीत एक निवृत्त नाईक राहतात. बर्फातल्या चौकीवर ते रोज रात्री प्रत्येक जवानाला मोजे काढायला लावून, बॅटरीच्या उजेडात त्याच्या पायांची बोटे काळी-निळी पडली आहेत का, ते स्वतः दाबून पाहत. साहेबांना पाय दाखवायला पोरे लाजतात, मला दाखवतात, असे ते म्हणाले. मी लेखात ज्या कामाचे कौतुक केले ते हे काम आहे.