बत्तीस फोटो आणि आमची आई

मार्च २०१९ची गोष्ट. दहावीचा शेवटचा पेपर टाकून भाचा आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आला. अभ्यासातून सुटलेलं पोर कुणाच्या तरी मानगुटीवर बसणारच. ते माझ्या बसलं.

"मामा, पोस्टर आलं. कसं वाटलं?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. 'छान' म्हटलं तर "बस्स, छान?" 'जबरदस्त' म्हटलं तर "काय जबरदस्त, सांग." परीक्षा त्याची संपली होती, माझी तोंडी सुरू झाली होती.

सिनेमा 'अ‍ॅव्हेंजर्स : एन्डगेम', हॉलिवूडचा, सुपरहिरोंचा. पोस्टरवर डझनभर चेहरे, लग्नाच्या ग्रूप फोटोत मागच्या रांगेतले डोकावतात तसे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारे. वर कलाकारांची नावं. मी मन लावून बघतोय हे दिसावं म्हणून चष्मा पुसला. तेवढ्यात यानंच बातमी आणली : डनाई गुरिरा या नटीचा चेहरा पोस्टरवर आहे, पण वरच्या ओळीत नावच नाही! लोक भडकले आणि त्याच दिवशी नाव घालून नवं पोस्टर निघालं.

हे मात्र मला आतून कळलं. याच्याच आईच्या लग्नपत्रिकेत आमच्या आत्याचं नाव राहिलं होतं. पाचशे पत्रिका वाटून झालेल्या. आत्या आली, जेवली, आणि आजही फोनवर "पत्रिकेत नसलेली बोलतेय" अशीच सुरुवात करते.

खरा कहर दहा-बारा दिवसांनी झाला. एका दमात ३२ पोस्टरं! प्रत्येकावर एकच चेहरा, काही रंगीत, काही काळे-पांढरे. मी मेथी निवडत होतो.

"मामा, हे असे का असतील?"

"शाई संपली?"

काळे-पांढरे म्हणजे गेलेले. आधीच्या सिनेमात थॅनॉस नावाच्या खलनायकानं चुटकी वाजवून निम्मं विश्व संपवलं होतं. त्यात कोण गेलं, कोण उरलं याची ही यादी. शुरी नावाची त्यातली एक नायिका गेल्याचं पोस्टरवरूनच कळलं म्हणून हा सुतकात. दुसरी, व्हाल्किरी, रंगीत निघाली तेव्हा सोफ्यावर उडी. मीही रीत पाळली : रंगीताला 'अरे वा', काळ्या-पांढऱ्याला 'च्च्'. विसाव्याच्या आसपास लय चुकली आणि स्पायडरमॅनला 'अरे वा' गेलं. त्या रात्री भाचा माझ्याशी बोलला नाही.

आई मागून मोबाइलमध्ये डोकावली. "हार नाही घातले ते?"

"आजी, हे मेलेत."

"मेलेल्यांचे एवढे मोठे फोटो कोण छापतं? येतील परत. बॉडी सापडली का?"

"राख झाली गं."

"म्हणजे नाही सापडली." तिनं मेथीची जुडी स्वतःकडे ओढली. गेली वीस वर्षं ती रोज संध्याकाळी मालिका बघते. दरीत पडलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नाही.

२६ एप्रिलला सिनेमा लागला. राख झालेले बव्हंशी परत आले. गेला तो कोण? पोस्टरवर चांगला धडधाकट, रंगीत असलेला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन. शेजारी भाचा हुंदके देत होता. मी 'च्च्' केलं, पहिल्यांदाच योग्य जागी.

जुलै २०२४मध्ये भाच्याचा पुण्याहून फोन. टोनी स्टार्क करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर अ‍ॅव्हेंजर्सच्या पुढच्या सिनेमात परत येतोय, पण डॉक्टर डूम म्हणून. म्हणजे चक्क खलनायक! फोन स्पीकरवर होता.

"चेहरा तोच?" आईनं विचारलं.

"हो, पण माणूस वेगळा. मुखवटा, हिरवा झगा—"

"मग जुळा भाऊ."

"अगं आजी, तसं नसतं हे."

"जत्रेत हरवलेला असेल. लिहून ठेव."

पलीकडे बराच वेळ नुसती पंख्याची घरघर. मग हळूच आवाज आला, "मामा, तुला काय वाटतं?"