आमदार भाऊ, यादी मिळाली. आता उत्तराचा कागद घेऊन या

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या लेआऊटच्या हनुमान मंदिराच्या सभागृहात आमदार आले होते. ८ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आहे. त्याआधी मतदारांना भेटायचं आणि विधानसभेत काय मांडणार ते सांगायचं, म्हणून ही बैठक. दोन पानांची छापील यादी सगळ्यांना वाटली. १४ विषय. सव्वा तास बसले, प्रत्येकाचं ऐकून घेतलं, मध्ये फोन वाजला तर उचलला नाही. मनापासून सांगते, मला फार बरं वाटलं. मी १९९८ पासून इथं राहते. निवडणूक नसताना, हातात यादी घेऊन आलेला आमदार मी पहिल्यांदा पाहिला.

तरी त्या रात्री झोप आली नाही, म्हणून हे लिहून राहिले. लांब झालंय, पण नागनदीकाठी राहणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

यादीत सहाव्या नंबरवर एक ओळ आहे, "नागनदीची संरक्षक भिंत". बस, एवढंच. कुठली भिंत, किती लांबीची, कुणाकडे अडली, विधानसभेत ती कशी मांडणार, काहीच नाही. त्या एका ओळीत माझं सगळं घर आहे.

२२ सप्टेंबर २०२३ ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील. चाळीसेक पानं उठली. भांडी आवरून आडवी व्हायला रात्रीचे बारा वाजले. पाऊस सुरूच होता. पहाटे मुलगा ओरडला, "आई, पाणी!" मी पलंगावरून पाय खाली ठेवला तर पाणी घोट्याच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला होता आणि नदी काठ सोडून गल्लीत शिरली होती. विसर्जन दुसऱ्या दिवशी, त्यामुळे ज्येष्ठा-कनिष्ठा आसनावर तशाच उभ्या. सुनेनं आणि मी नथ घातलेले मुखवटे काढून छातीशी धरले आणि माळ्यावर नेऊन ठेवले. खाली त्यांच्या साड्या काठापासून वर चिखलानं भिजत गेल्या. उजाडलं तेव्हा आमच्या मागची भिंत पडलेली होती, घराच्या लांबीएवढी. फ्रिज आडवा होऊन दाराला लागला होता.

पंचनामा झाला, १० हजार मिळाले. ज्यांनी दिले त्यांचे आभार. पण भिंतीच्या जागी आधी रेतीची पोती आली, मग पत्रे आले. दोन पावसाळे आम्ही पत्र्यांच्या भरवशावर काढले. जोरात पाऊस आला की सून नातवाला उचलून वरच्या मजल्यावर जाते आणि मी खिडकीत बसून पाणी पाहते. कुणाकडे किती वेळा अर्ज दिले ते इथं सांगत नाही. अर्जांची फाइल मी आमदारांना दाखवली आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या समोरच्या घरात एक काका राहतात, मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीची कितीतरी वर्षं विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली. पुरानंतर त्यांनी मला ओसरीवर बसवून सगळं समजावून सांगितलं. तारांकित प्रश्न म्हणजे आमदारानं मंत्र्याला आधी लेखी देऊन विचारलेला, सभागृहात चर्चेला येऊ शकणारा प्रश्न. त्याची भाषा ठरलेली असते. अमुक ठिकाणची भिंत अमुक तारखेला पडली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? शेवटची ओळ वाचताना काकांनी बोट कागदावर ठेवलं. "ताई, मोर्चाले उत्तर नाही दिलं तरी चालते. याले लेखी द्याच लागते. मंत्र्याच्या सहीनं. खालचा प्रत्येक टेबल हलते."

सभागृहात तोंडी चर्चेला थोडेच प्रश्न येतात, पण बाकीच्यांचंही उत्तर छापलं जातं. मंत्र्यानं सभागृहात "काम करू" म्हटलं तर ते आश्वासन होतं, आणि आश्वासनं पाळली की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, लागली तर मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि त्यावर आमदार प्रश्न विचारतात. आणि पुरवणी मागण्या म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा पैसा. त्यात तरतूद नसेल तर भिंतीचं आश्वासन मिळालं काय आणि न मिळालं काय.

म्हणून माझं म्हणणं आहे की यादीतल्या प्रत्येक विषयासमोर आयुध लिहा, म्हणजे तो सभागृहात कोणत्या मार्गानं मांडणार ते. हा तारांकित, ही लक्षवेधी, हा औचित्याचा मुद्दा, यासाठी पुरवणी मागण्यांवर बोलणार. ते लिहिलं की आम्हालाही कळेल कोणत्या विषयाची खरी तयारी आहे आणि कोणता नुसता यादीत बसवलाय.

यातली एक गोष्ट मला जास्त बोचली. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. बैठक झाली आठ दिवस आधी. म्हणजे आम्ही परवा जे जे बोललो, त्यातलं काहीच आता तारांकित होऊ शकत नाही. मी उभी राहून हे विचारलं. भाऊंनी लपवलं नाही. म्हणाले, "काकू, बरोबर आहे तुमचं. या वेळी उशीर झाला." इतकं सरळ उत्तर दिलं, त्याचा मला आदर आहे. पण पुढच्या वर्षी ही बैठक कोजागिरीला घ्या. दूध आम्ही आटवू.

आता आपल्या लोकांबद्दल. रागावू नका. सव्वा तासात किमान पन्नास मिनिटं गट्टू (रस्त्यावर बसवायचे ठोकळे), गडरलाइन, बगिच्यातल्या बाकड्या आणि चौकाच्या नावाची पाटी यावर गेली. कारण मला कळतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून २०२५ संपत आलं तरी नगरसेवकच नाहीत. तुंबलेली गडर घेऊन माणूस जाईल कुठं? पण गट्टू आमदारांच्या स्थानिक विकास निधीतूनही होतात, वर्षाला ५ कोटी असतात, त्यासाठी बारा महिने आहेत. अधिवेशन या वेळी १४ तारखेपर्यंतच आहे. २०२४ मध्येही १६ ते २१ डिसेंबर इतकंच झालं होतं. २०२० आणि २०२१ मध्ये तर नागपुरात झालंच नाही. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं, ते विदर्भाचं ऐकून घ्यायला. मोजके दिवस हातात असताना आपण बाकड्या मागाव्यात?

कुणीतरी मागून म्हणालं, अशा बैठकांनी काय होते, मोर्चा काढा. मोर्चाला माझा विरोध नाही. पण झिरो माइलवरून जाताना गोवारी स्मारक दिसलं की माझे हात आपोआप जोडले जातात. २३ नोव्हेंबर १९९४ ला मागणी घेऊन मोर्चानं आलेली गोवारी समाजाची ११४ माणसं तिथं चेंगरून गेली, लेकुरवाळ्या बायाही होत्या त्यात. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. आपल्याला आमदार गल्लीत येऊन विचारून राहिले, तर ही संधी हलकी मानू नका.

आणखी एक. नागनदी काही एकट्या आमच्या मतदारसंघातून वाहत नाही. अंबाझरीकडून शहरात येते, सीताबर्डी, महाल करत पूर्वेकडे पारडीच्या बाजूनं बाहेर पडते आणि शहराची सगळी घाण घेऊन कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दच्या धरणात जाते. भंडाऱ्याच्या लोकांनाही ती छळते. शहरात सहा आमदार आहेत. पक्ष वेगळे असले तरी लक्षवेधीवर सह्या एकत्र करता येतात. भिंत, गाळ, तलावाचा सांडवा, सगळं एका लक्षवेधीत येऊ शकतं. सहा जणांनी मिळून विचारलं तर मंत्र्याला टाळणं कठीण जाईल.

आणि अधिवेशन मुंबईला नाही, आपल्या गावात आहे. आठवडाभर मंत्री रविभवनात, सचिव सिव्हिल लाइन्समध्ये. आमची गल्ली तिथून चार-पाच किलोमीटर. एक दिवस सकाळी आठला संबंधित मंत्र्यांना घेऊन या, अर्धा तास पुरेल. समोरच्या खोलीत पाणी चढलं तिथली रेघ मी रंगवू दिलेली नाही. माझ्या खांद्याला लागते. तिच्याशेजारी मंत्र्यांना उभं करा.

बैठक संपता संपता मी भाऊंना म्हटलं, अधिवेशन झालं की परत या. काम झालं तर सांगा, नाही झालं तर तेही सांगा, पण मंत्र्याचं लेखी उत्तर सोबत आणा, "प्रश्न उद्भवत नाही" असं असलं तरी आणा. त्यांनी माझ्याच यादीच्या मागे पेनानं लिहून दिलं: २१ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ६. खाली सही.

तो कागद देवघरात ठेवलाय. मंदिराच्या सभागृहाची किल्ली यंदा आमच्याकडे आहे. २१ ला मी साडेपाचलाच उघडून सतरंज्या घालून ठेवते. थंडी असेल, शाल घेऊन या.