‘सेन्सर डुप्लिकेट आहे’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. सीताबर्डीच्या आमच्या दुकानातून घेतलेला व्हायब्रेशन सेन्सर डुप्लिकेट निघाला, टेबलावर कितीही ठोकलं तरी स्क्रीनवर शून्यच येतो आणि आम्ही तो परत घेतला नाही, असं तुम्ही लिहिलंय. परत घेतला नाही, हे खरं. डुप्लिकेट मात्र नाही.

काउंटरवर तुमच्यासमोरच त्याला पाच व्होल्ट दिले होते. नखाने टिचकी मारली की आउटपुटचा दिवा लुकलुकायचा, तुम्हीही पाहिलंत. म्हणजे आतला स्विच आणि त्याचा सिग्नल तपासणारी एलएम३९३ चिप, दोन्ही ठणठणीत. गडबड तुमच्या आर्डुइनो उनो बोर्डावरच्या कोडमध्ये आहे. तेव्हाही सांगत होतो, पण दुकानात गर्दी आणि तुम्ही चिडलेले.

तुमच्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) पिन वाचणाऱ्या डिजिटलरीडच्या खाली डिले(१०००) आहे, म्हणजे एक सेकंद थांबा. तुमच्या सेन्सरमधला, म्हणजे एसडब्ल्यू-४२० मधला संपर्क एरवी जुळलेला असतो. धक्का बसला की क्षणभर सुटतो आणि लगेच जुळतो. तुमचा उनो सेकंदातून एकदाच डोकावतो. पाहुणा बेल वाजवून निघून गेल्यावर दार उघडलं, तर कोण दिसणार? आउटपुट २ नंबरच्या पिनला लावा (सिग्नल बदलताच हातचं काम थांबवून दखल घेणारा अटॅचइंटरप्ट उनोवर २ आणि ३ वरच चालतो), मोड रायझिंग (सिग्नल वर जाताना) ठेवा, मोजणीच्या व्हेरिएबलपुढे व्होलाटाइल (दर वेळी ताजा आकडा वाच, अशी सूचना) लिहा आणि तो डिले काढून टाका. निळ्या ठोकळ्यावरचा, संवेदनशीलता ठरवणारा पितळी स्क्रूही हळूहळू फिरवून बघा, एकदम टोकाला नेऊ नका.

आता कूलरचं. मोटारीचं बेअरिंग खराब होतंय का, हे तुम्हाला ओळखायचंय. त्याला हा सेन्सर पुरायचा नाही. हा हललं की नाही एवढंच सांगतो, किती हललं ते नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात कूलर थांबतो तरी कधी? त्यासाठी किती हललं ते मोजणारा, एडीएक्सएल३४५ सारखा अ‍ॅक्सेलरोमीटर घ्या, कुठूनही घ्या. काहीही लावलंत तरी मॉड्यूलची मागची बाजू पत्र्याला टेकू देऊ नका, सोल्डरची टोकं उघडी असतात.

पिनांवर वायर सोल्डर केलेलं मॉड्यूल आम्ही परत घेत नाही, बिलावर तसं छापलंय. शंभराच्या आतल्या वस्तूसाठी भांडायची हौस नाही हो, पण तोच माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून कसा देऊ?

बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. कोड बदलून समोरच चालवून देतो. तरीही शून्यच आला, तर सोल्डर केलेला असला तरी सेन्सर बदलून देईन.