तीन मीटरची फळी

भडंगाची पुडी संपत आली तरी पिंट्या हटेना. त्याचं म्हणणं एकच, डायव्हिंग म्हणजे दहा मीटरचा प्लॅटफॉर्म. तीन मीटरची स्प्रिंगबोर्डची फळी म्हणजे पोरखेळ. दर पुरात आयर्विन पुलावरनं कृष्णेत उडी टाकणारा माणूस, त्याला उंचीपुढं काय दिसणार!

"मग अमेरिकेच्या त्या डायव्हर लुगानिसचं डोकं कुठं फुटलं?" सुन्या म्हणाला. "सोल ऑलिंपिक, १९८८. फळीवरच. पुढं झेपावून उलटं फिरायचं आसतंय त्यात, लांब गेला न्हाई, आपटला. टाके घालून परत चढला आन सोनं घेतलं."

"प्लॅटफॉर्मलाबी घेतलं की!"

"घेतलं. पण १.१४ गुणांनी! आन ते कुणापुढं? चीनच्या श्योंग नीपुढं. वय १४. लुगानिस २८ चा. बरोबर दुप्पट."

पिंट्या गप्प बसला, मग म्हणाला, "म्हंजे अवघड प्लॅटफॉर्मच की."

इथं मला बोलावं लागलं. अवघड दोन्ही, पण वयाचा हिशेब वेगळा. प्लॅटफॉर्म जागचा हलत नाही. तिथं हलकं, लहान अंग भराभर गिरक्या घेतं, म्हणून पोरं-पोरी भारी पडतात. चीनच्याच फू मिंगश्यानं १९९२ च्या ऑलिंपिकला तिथंच सोनं घेतलं, तेव्हा ती १३ वर्षांची होती. पण ताशी पन्नासेक किलोमीटरनं पाणी अंगावर येतं, मनगटं आणि खांदे किती वर्षं सोसतील? फळीचं तसं नाही. ती खाली जाते, वर येते. तिच्या तालात पाय पडला तरच ती फेकते. तो ताल मुरायला वर्षं जातात. तोच श्योंग नी पुढं फळीवर आला आणि १९९६, २००० असं दोनदा सोनं घेऊन गेला. फू मिंगश्याचं २००० चं सोनंही फळीवरचंच.

"आन आपल्या विहिरीत?" सुन्या हसला. "जेवढं पाणी उडंल तेवढा मुटका भारी. तिथं पाणी उडालं की गुण गेले. पिंट्याला सातही पंच शून्य देतील."

"त्यातले वरचे दोन आन खालचे दोन सोडतात," मी म्हणालो. "उरलेल्या तिघांचंच धरतात."

"मग तीन शून्यं."

"पिंट्या, तुझं वय काय रे आता?"

"अठ्ठावीस लागलं."

"यंदा पुलावरनं?"

पिंट्यानं पुडीतला शेवटचा शेंगदाणा शोधला. "यंदा पाणी किती येतंय बघू."