‘फक्त दोन टक्के कर भरतात’ : त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर, मग तो तालमीचा असो, सोसायटीचा असो की दहावीच्या बॅचचा, एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा : ‘एका खासदाराने लोकसभेत अर्थ मंत्रालयाला विचारलं, देशात कर भरतं कोण? उत्तर आलं, फक्त दोन टक्के. हे दोन टक्के राबतात आणि अठ्ठ्याण्णव टक्के फुकट खातात. शेतकरी एक पैसा भरत नाही, अर्थमंत्र्यांनी हिंमत दाखवावी. आपल्या आयकरातून लाडक्या बहिणींना पंधराशे जातात, आणि आयकर भरणाऱ्या घरातली बाई मात्र वगळलेली. सगळी तिजोरी सबसिडीत संपते. आणि खासदारांना स्वतःला आयकर माफ, म्हणून प्रश्न विचारून ते गप्प बसतात.’ खाली हात जोडलेली चिन्हं आणि ‘खरा करदाता असाल तर पुढे पाठवा’ अशी आज्ञा.

माझं पोट लोकांची रिटर्न भरून चालतं. त्यामुळे हा मजकूर मला दिवसातून दोनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा पाठवणारा माझाच अशील असतो. एकदा नीट उत्तर देऊन ठेवलेलं बरं.

आधी ‘दोन टक्के’. आकडा हवेतला नाही. 2023 मध्ये संसदेतल्या लेखी उत्तरात अर्थ मंत्रालयाने सांगितलं होतं की 2022-23 मध्ये 7.40 कोटींहून जास्त लोकांनी रिटर्न भरली आणि त्यांतल्या सुमारे 5.16 कोटी लोकांचं करदायित्व शून्य होतं. उरले सव्वादोन कोटी. त्यांना 140 कोटींनी भागलं की दीड-पावणेदोन टक्के येतात. इथवर ठीक. गडबड पुढच्या वाक्यात आहे. उत्तर ‘आयकर’ भरणाऱ्यांचं होतं, फॉरवर्डमध्ये येईस्तोवर ते ‘कर’ भरणाऱ्यांचं झालं. शिवाय भागाकारात पाळण्यातली पोरंही आहेत आणि काठी टेकत पेन्शन आणायला जाणारे आजोबाही. एका कमावत्या माणसाच्या घरात पाच जण असले, तर या हिशेबाने त्यातले चौघे ‘फुकटे’.

आता आयकर सोडून बाकीचा कर बघू. 2024-25 मध्ये देशात जीएसटीची ढोबळ वसुली 22.08 लाख कोटी रुपये झाली. त्याच वर्षी आयकर आणि कंपन्यांचा कर मिळून निव्वळ प्रत्यक्ष कर 22.26 लाख कोटींच्या आसपास होता. एक आकडा ढोबळ (परतावे वजा न केलेला) आणि दुसरा निव्वळ (परतावे वजा केलेला) आहे, त्यामुळे पैशापैशाची तुलना होणार नाही, पण तोलामोलाचे आहेत हे दिसतंच. जीएसटी भरायला पॅन कार्ड लागत नाही, दुकानात जावं लागतं.

चप्पल लाईनला जाऊन बघा. हजाराच्या आतल्या जोडीवर 2021 अखेरपर्यंत 5 टक्के जीएसटी होता. जानेवारी 2022 पासून तो 12 झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर परत 5 टक्क्यांवर आला. म्हणजे मधली पावणेचार वर्षं 900 रुपयांच्या जोडीवर पक्कं बिल घेणाऱ्या बाईने वर 108 रुपये मोजले, आज 45 मोजते. धुणीभांडी करणारी असो की डॉक्टरीण, दर एकच. आयकर कमाई बघून लागतो, हा बघत नाही. म्हणून ज्याची सगळी कमाई बाजारातच संपते, त्याच्या कमाईतला मोठा हिस्सा या करात जातो. पेट्रोलचं तर विचारूच नका. ते जीएसटीत नाहीच. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 21 रुपये 90 पैसे झालं, वर राज्याचा व्हॅट. शिरोली एमआयडीसीत दुचाकीवरून कामाला जाणारा पोरगा टाकी भरताना कर भरतो, पण त्याची पावती कोणी ग्रुपवर टाकत नाही.

आणि एक गंमत. 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. ‘खरा करदाता असाल तर’ म्हणून मला मजकूर पाठवणाऱ्यांतले बरेच जण या रेषेच्या अलीकडचे आहेत. त्यांची रिटर्न मीच भरतो. फॉरवर्डच्याच व्याख्येने ते आता अठ्ठ्याण्णवात बसतात. मी कुणाचं नाव घेत नाही.

‘शेतकरी एक पैसा भरत नाही.’ शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरं. पण ती अर्थमंत्र्यांची मेहेरबानी नव्हे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या सूचीत आहे, 46 व्या नोंदीत. केंद्राला तो लावताच येत नाही. ‘अर्थमंत्र्यांनी हिंमत दाखवावी’ हे फॉरवर्डचं आवाहन चुकीच्या पत्त्यावर गेलेलं आहे. शिवाय शेतीखेरीज करपात्र उत्पन्न असेल, तर बाकीच्या उत्पन्नाचा कर काढताना शेतीचं उत्पन्न हिशेबात मिळवतात आणि दर वर सरकतो. हे नोकरी करून शेती बघणाऱ्या माझ्या प्रत्येक अशिलाला दरवर्षी नव्याने समजावावं लागतं.

मग शेतकरी भरतो काय? खतावर 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकावर 18, पीव्हीसी पाइपवर 18, वर डिझेल. दुकानदाराला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळते. शेतकऱ्याची जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळे त्याला ती नाही. जो कर दिला तो त्याच्या खर्चातच मुरला. गुऱ्हाळाचंच घ्या. जुलै 2022 पर्यंत गुळावर जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून लेबल लावून पॅक केलेल्या गुळावर 5 टक्के लागू झाला, सुटा मोकळाच राहिला. एकीकडे कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, ब्रँड करा म्हणून सगळे सांगतात, आणि ब्रँड करून पिशवीवर नाव छापलं की कर सुरू.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझाही फॉरवर्डच व्हायचा. युरियाची 45 किलोची पिशवी 266 रुपये 50 पैशांना मिळते ती सरकार वरची मोठी रक्कम सोसतं म्हणून. पिशवीवरचा जीएसटी त्या अनुदानापुढे किरकोळ आहे. शेतीला आधार मिळतो, भरपूर मिळतो. ‘एक पैसा भरत नाही’ एवढंच खोटं आहे.

उसाची गोष्ट तर या जिल्ह्याने वर्षानुवर्षं भोगली. सहकारी कारखान्याने ठरलेल्या किमान दरापेक्षा जास्त दर सभासदाला दिला, की आयकर खातं म्हणायचं, हा खर्च नाही, नफ्याची वाटणी आहे, यावर कर भरा. कारखान्यांवर नोटिसांचे ढीग साचले. 2015 च्या वित्त कायद्याने पुढच्या काळापुरती वाट मोकळी केली. जुनी थकबाकी 2023 च्या अर्थसंकल्पात सुटली, आणि दिलासा सुमारे 10,000 कोटींचा असल्याचं अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितलं. म्हणजे उसाला जास्त दर दिला म्हणून आयकराचा तगादा, असं प्रकरण इथे इतकी वर्षं चाललं, आणि त्याच जिल्ह्यात लोक ‘शेतकऱ्याचा करांशी काय संबंध’ म्हणून मजकूर ढकलतात.

‘आपल्या आयकरातून लाडकी बहीण.’ योजना राज्याची, आयकर केंद्राचा. आयकर आधी दिल्लीला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात वाटपयोग्य करांतला 41 टक्के वाटा सगळ्या राज्यांना मिळून ठरला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. म्हणजे त्या काळात वाटपयोग्य शंभर रुपयांतले सुमारे 2 रुपये 60 पैसे मुंबईला परत यायचे. राज्याची मुख्य कमाई वेगळी आहे : राज्याचा जीएसटी, इंधनावरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, गाड्यांचा कर. त्या पंधराशेत कागलच्या बाईने घेतलेल्या साबणावरचा करही आहे. या योजनेवर टीका करायला जागा नाही असं मुळीच नाही. 2024 मध्ये योजनेसाठी वर्षाला 46,000 कोटींची तरतूद जाहीर झाली होती, आणि एवढ्या रकमेला पैसा कुठल्या खात्यातून वळवला हे विचारायलाच हवं. पण ते विधान भवनात. आयकर भरणाऱ्या घरातल्या बाईला योजनेतून वगळलंय याची फॉरवर्डला चीड आहे. ती अट मुद्दाम घातलेली आहे, पीएम किसानलाही तशीच आहे.

‘सगळी तिजोरी सबसिडीत.’ केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाबरोबर रुपया कसा येतो-जातो याचं चित्र छापलं होतं. खर्चाच्या रुपयातले प्रमुख अनुदानांचे 6 पैसे. संरक्षणाचे 8. व्याजाचे 20. योजनांचे आणखी 24 आहेत आणि त्यांतही लोकांना थेट मदत आहे, हे मान्य. तरी सर्वांत जाड नोंदींपैकी एक व्याजाची आहे आणि तिच्यावर कुणी हात जोडून मजकूर लिहीत नाही.

सरकारी आधार खात्यात जमा झाला तरच दिसतो, ही खरी अडचण आहे. न घेतलेला करही आधारच असतो. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला 1.45 लाख कोटींचं उत्पन्न सोडतोय असं सरकारनेच सांगितलं होतं. जुन्या प्रणालीत 80सी कलमाखाली विमा, पीएफ वगैरेंची दीड लाखांची वजावट घेत आलेले आपण सगळे त्याच पंगतीला बसलेलो. आणि हो, उलट्या बाजूचा फॉरवर्डही तपासा, ‘उद्योगपतींना दहा लाख कोटींची कर्जमाफी’वाला. बँकांनी 2021-22 पर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे 10.09 लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली, हे संसदेतलंच उत्तर. पण निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते. ती किती होते हा प्रश्न वेगळा, आणि फार चांगला नाही.

‘खासदारांना आयकर माफ’ हे सरळ खोटं. वेतनावर कर लागतो, भत्त्यांवर सूट आहे. संसदेच्या कँटीनचं अनुदानही 2021 मध्ये बंद झालं.

‘विचारून गप्प बसतात’ यात मात्र थोडा दम आहे. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात, त्यांवर उपप्रश्न विचारता येतात, पण वेळ एकच तास, पुकारा होतो मोजक्यांचाच. 230 अतारांकित प्रश्नांना फक्त लेखी उत्तर. तरी लेखी उत्तर वाया जात नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर 2023-24 मध्ये सुमारे 8,263 कोटींचा जीएसटी जमा झाला, हा आकडा संसदेतल्या उत्तरातूनच चर्चेत आला. त्याच सुमारास नितीन गडकरींनी मंत्री असूनही अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हा कर काढायला सांगितलं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावरचा तो कर गेला. प्रश्नामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, पण 18 टक्के नेमके किती कोटी होतात हे कळल्यावर बोलणाऱ्यांचा आवाज वाढला.

तेव्हा कोल्हापूर आणि हातकणंगल्याच्या खासदारांना मेसेज टाकणारच असाल, तर ‘कर कोण भरतं’ एवढंच नका विचारायला लावू. असं विचारायला लावा : उपकर (ठरावीक कामासाठी घेतलेला कर) आणि अधिभार (करावरचा जादा कर) यांतला वाटा केंद्राला राज्यांना द्यावा लागत नाही, तर गेल्या पाच वर्षांत केंद्राच्या एकूण करवसुलीत या दोन्हींचा हिस्सा किती टक्के होता? त्यात महाराष्ट्रातून किती गोळा झाले? डिझेलवरचा शेती पायाभूत सुविधा उपकर, जो 2021 मध्ये लिटरला 4 रुपये लावला, त्यातला किती पैसा शेतीच्या कोणत्या कामावर खर्च झाला, वर्षनिहाय तपशील द्यावा. अतारांकित टाकला तरी चालेल. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते.