२५२०चे तथाकथित गूढ

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की लातूर-नांदेडकडच्या शिक्षकांच्या आणि शिकवणी वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हटकून फिरू लागतो. १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या आहे, ती जगातल्या गणितज्ञांना सापडत नव्हती, अखेर श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार तेवढाच येतो, असे त्याचे म्हणणे असते. त्यातले भागाकार-गुणाकार बरोबर आहेत. बाकीचे टिकणारे नाही.

‘एकमेव’ हा दावा खोडायला ५०४० पुरेशी आहे. ७५६०लाही या दहाही संख्यांनी भाग जातो, कारण २५२०च्या प्रत्येक पटीला तो जातोच. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० यांचा लसावि. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार केला की झाले. ६ किंवा १० यांच्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही. स्कॉलरशिपच्या तयारीतली पोरे हे वहीच्या समासात करतात. याच रीतीने १ ते २० यांचा लसावि २३,२७,९२,५६० येतो. तो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

कालगणनेचा मुद्दा अधिक फसवा आहे. ३० आणि १२ यांचा गुणाकार ३६०, आणि ३६०ला १ ते १० पैकी ७ वगळता प्रत्येक संख्येने भाग जातो. तेव्हा राहिलेल्या ७ने गुणल्यावर २५२० येणे अटळच आहे. आठवडाही नेमका सात दिवसांचा असावा, एवढाच काय तो योगायोग. शिवाय ३६० दिवसांचे वर्ष आहे कुठे? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे, आणि ही तफावत भरून काढण्यासाठीच तर आपल्याकडे धोंड्याचा महिना येतो.

राहिला शोधाचा दावा. रामानुजन यांचा जन्म १८८७चा. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबे सुचवली, ती १ ते १० यांपैकी कोणत्याही संख्येइतके सारखे गट पाडता येतात म्हणूनच. स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश’, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या लातूरचे स्वामी, म्हणवणाऱ्या राष्ट्रकूटांपैकी अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरला आहे.

रामानुजन यांचे खरे काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांची रचना कशी असते, यावर त्यांनी १९१५मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ४८ विभाजकांची २५२० त्या संख्यांमध्ये बसते, पण तिच्या मागे १२६० आणि १६८० आहेत, पुढे ६० विभाजकांची ५०४० आहे, आणि ही यादी कधीच संपत नाही.