माऊस घ्यायला जाताना आपला हात बरोबर न्या

गेल्या महिन्यात ड्रॉइंगमधला एका पंपाच्या सक्शन लाइनवरचा व्हॉल्व्ह तपासत होते. माऊसचं चाक दाबून ड्रॉइंग जरासं बाजूला सरकवलं आणि स्क्रीनवर अचानक अख्खा प्लांट उभा राहिला. ऑटोकॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकतं, लागोपाठ दोनदा दाबलं की पूर्ण ड्रॉइंग स्क्रीनवर मावतं. मी एकदाच दाबलं होतं, माऊसने दोनदा मोजलं. पुन्हा झूम करत त्या व्हॉल्व्हपाशी गेले, तर पुन्हा तेच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत किती वेळा झालं ते मोजलंच नाही, पण रडू यायचं बाकी होतं.

मी पाइपिंगची ड्रॉइंगं करते, आता घरूनच, रोज सात-आठ तास. हा वायरवाला माऊस नऊ वर्षं हातात होता. डावं बटण तर आधीपासूनच कुरकुरत होतं. रेघ सुरू करायला एक क्लिक करावा तर दोन पडायचे आणि त्याच जागी शून्य लांबीची रेघ तयार व्हायची. ती डोळ्यांना दिसत नाही, पण फाइलमध्ये बसून राहते. माझा हातच थकलाय असं मला बरेच दिवस वाटत होतं. दोष हाताचा नव्हता. बटणाखाली मायक्रोस्विच असतो, त्यात धातूची इवलीशी पट्टी. ती टेकताना किंचित थरथरते आणि माऊसमधली चिप काही मिलिसेकंद थांबून ती थरथर गाळून टाकते. पट्टी झिजली की थरथर लांबते आणि चिपला वाटतं दोनदा दाबलं. बऱ्याच स्विचचं आयुष्य 1 ते 2 कोटी क्लिक सांगतात. दिवसाला 5,000 क्लिक आणि वर्षाला 300 दिवस धरले, तर नऊ वर्षांत 1 कोटी 35 लाख होतात. बिचाऱ्याने आपलं काम पूर्ण केलं होतं.

मग मी चूक केली. ऑनलाइन सेलमध्ये एक छोटासा वायरलेस माऊस दिसला, स्वस्त, दिसायला गोड. मागवला. असे छोटे माऊस लॅपटॉपच्या पिशवीत टाकून न्यायला बरे, दिवसभर धरायला नाहीत. तळवा टेकायला जागाच नाही, म्हणून बोटं आखडून धरायचा. दुसऱ्या आठवड्यात अनामिकेच्या मुळाशी दुखायला लागलं आणि मी तो बंद करून ठेवला.

तेव्हा बाबांची आठवण झाली. बाबा ड्राफ्ट्समन होते. बडोद्यात हे काम शिकायची परंपरा मोठी, सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली तीच 1890 साली. बाबांकडे रोटरिंगची शाईची तीन पेनं होती, 0.2, 0.3 आणि 0.5 मिलिमीटर जाडीच्या रेघेची. स्वतःच्या पगारातून घेतलेली. रोज काम झालं की कोमट पाण्यात निब धुवायचे, आणि आम्ही पोरांनी त्या डबीला हात लावलेला चालायचा नाही. खंडेनवमीला मिनी-ड्राफ्टर, सेट-स्क्वेअर आणि ती पेनं देवापुढे मांडून झेंडूचं फूल वाहायचे. दुसऱ्याच्या पेनाने रेघ काढायची वेळ आली तर त्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, जाडी तीच असली तरी हात वेगळा पडतो.

माझं पेन म्हणजे हा माऊसच आहे. आणि मी तो चित्र बघून मागवला होता!

आमच्या धंद्यात हे सगळीकडे दिसतं. मोठा मॉनिटर, भारी ग्राफिक्स कार्ड, सॉफ्टवेअरचं दर वर्षी भरायचं लायसन्स, यावर मीटिंगा होतात. माऊस मात्र गठ्ठ्याने येतो, सगळ्यांना एकच. पाच फुटांच्या मुलीला आणि सहा फुटांच्या माणसाला तोच. मी पूर्वी जिथे नोकरी करत होते तिथे माऊस बदलून मागितला तर "चालतोय ना?" एवढंच विचारायचे. चालत होता, पण मनगट चालत नव्हतं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, आणि ड्राफ्टिंग, टॅली, डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाने मालकाशी यावर बोलावं असं वाटतं.

शेवटी बडोद्यातच रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेले. खोक्यावरचे आकडे वाचून विचारत बसले होते, तर दुकानदार काका म्हणाले, "बेन, हाथमां लईने जुओ ने." म्हणजे हातात घेऊन बघा ना. आणि त्यांनी सहा माऊस काउंटरवर काढून ठेवले. प्रत्येकावर हात ठेवून पाच-पाच मिनिटं फिरवला. चौथ्यावर हात ठेवला आणि खांदा आपोआप खाली आला. अंगठ्याला टेकायला जागा, तळव्याखाली उंचवटा, बटणं जवळजवळ बिनआवाजाची. माझा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 17 सेंटिमीटर आहे, हा माऊस साडेदहा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमचा हात माझ्याएवढा नसणार.

डीपीआयच्या आकड्याला भुलू नका. 1000 डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की कर्सर 1000 ठिपके सरकतो. 1920 ठिपके रुंद स्क्रीन दोन इंचांत पार होते. 4000 वर तेवढ्यासाठी अर्धा इंच पुरतो, आणि मग फ्लॅंजचा, म्हणजे पाइपच्या जोडावरच्या चकतीचा, नेमका मध्य पकडताना बोटाची साधी थरथरही कर्सरला हलवते. मी 1000 वरच ठेवलाय. विंडोजमधली "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" ही खूणही काढून टाकली, म्हणजे हात जेवढा हलेल तेवढाच कर्सर, घाईत वेगळा नाही.

हा माऊसही वायरलेसच, आणि पहिले दोन दिवस कर्सर अडखळत होता. माऊस परत करायला निघाले होते. मग कळलं की छोटा रिसीव्हर मी सीपीयूच्या मागे यूएसबी 3 च्या पोर्टमध्ये लावला होता, शेजारी हार्ड डिस्क. यूएसबी 3 मधून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि हे माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने 2012 मध्येच हे कागदावर मांडलं होतं. एक मीटरची साधी एक्स्टेंशन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर आणला. तेव्हापासून एकदाही अडखळला नाही. कुणाचा नवा वायरलेस माऊस असाच त्रास देत असेल तर परत करण्याआधी हे करून बघा.

टेबलावरून वायर ओढली जात नाही, प्रिंटची गुंडाळी मध्ये येत नाही, याचं सुख पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या आठवड्यात जास्त जाणवलं. संध्याकाळी भाकरी थापताना मनगट दुखत नाही, ते तर फारच मोठं.

जुना माऊस फेकला नाही. भाच्याने उघडून डाव्या बटणाचा आणि चाकाचा स्विच बदलून दिला आणि तो पुन्हा नीट चालायला लागला. तो दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलीला दिला. ती डावखुरी आहे. तळव्याला नीट बसणारे सगळे माऊस त्या दुकानात उजव्या हाताचेच होते, तिच्यासाठी एकही मिळाला नाही. बडोद्यात किंवा अहमदाबादेत डाव्या हाताचा माऊस हातात धरून बघता येईल असं दुकान कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. तिला घेऊन मी स्वतः जाईन.